मदत हवी आहे: मुलाला गोळीने ताबा आला, भावाचा इंजेक्शनने सुटला, असं कसं?

नमस्कार, सांगलीतून लिहितीय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा.

माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि उतावळेपणा आवरत नाही, तिसरीत आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलंय. उत्तेजक औषध म्हणून घरात सगळ्यांचा विरोध होता, पण खरंच फरक पडलाय. आधी बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडायचा, बॉल रस्त्यावर गेला की मागं तसाच पळायचा, आता सेकंदभर का होईना थांबतो.

अडचण धाकट्या भावाची आहे. पोलीस भरतीची तयारी करतोय, पळताना दम टिकतो म्हणून जिममध्ये कुणीतरी मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनची सवय लावली. ते पण उत्तेजकच म्हणे, पण ह्याचं सगळं उलटं झालंय, रात्रीची झोप नाही, गाडीला कुणी कट मारला की उतरून कॉलर धरतो, आईच्या भिशीचे पैसे उचलून मोबाईल घेऊन आला आणि विचारलं तर म्हणतो वाटलं म्हणून घेतला. दहा रुपये खर्चताना विचारणारा पोरगा होता हो.

परवा मला म्हणाला, तुझ्या पोराला चालतं मग मला का नाही. काय सांगू त्याला? आणि माझा मुलगा पुढं असा होणार नाही ना?

प्रतिसाद
ताई, मी साताऱ्यात फार्मसी शिकवतो. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला आवरतो, त्याला डोपामाइन आणि नॉरॲड्रेनालिन ही मेंदूतली रसायनं बेताची लागतात, कमी पडली तरी ताबा जातो आणि अती झाली तरी जातो. मुलाचा डोस मोजून दिलेला, तोंडाने घेतलेला, हळूहळू चढणारा आहे. ॲम्फेटामाइन हे असंच एक उत्तेजक देऊन माणसांवर प्रयोग झालेत, इशारा आला की हात थांबवायचा, त्यात जे मुळात उशिरा थांबायचे तेच सुधारले, बाकीच्यांना फायदा नाही. मेफेंटरमाइन हे ऑपरेशनवेळी बीपी पडलं तर वर आणायला देतात, जिममध्ये त्याचं काहीच काम नाही. ते एकदम चढतं, त्यात झोप उडाली की राग आवरत नाही. संशय, भास, छातीत धडधड दिसली तर थेट हॉस्पिटल गाठा.

मुलाची गोळी मनाने बंद करू नका, नीट डोसात घेतल्याने पुढं व्यसनाचा धोका वाढतो असं अभ्यासात दिसलेलं नाही. पण भाऊ घरात आहे, गोळ्या कुलपात ठेवा. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा मोफत नंबर आहे.

धागाकर्ती
सर, खूप आभार. गोळ्या लगेच कुलपात ठेवल्या. पण तो डॉक्टरकडं यायलाच तयार नाही, कळलं तर भरती जाईल म्हणतो. घरच्यांनी आधी एकटं जाऊन बोललं तर चालतं का?

प्रतिसाद
चालतं ताई. आमच्या चुलतभावाच्या वेळी काकू एकट्याच गेल्या होत्या, त्याच्याशी कसं बोलायचं ते डॉक्टरांनी त्यांनाच आधी समजावलं. जाताना इंजेक्शनची रिकामी बाटली मिळाली तर सोबत न्या.