काळ्या जमिनीत सदाफुली पावसाळ्यात का मरते?

प्रश्न (लातूर):
घरामागे काळी जमीन, बोअरचं पाणी आठवड्यातून एकदाच. उन्हाळा सदाफुलीनं मजेत काढला, पण ऐन श्रावणात तीन झाडं बुडाशी काळी पडून वाळली. उरलेल्यांची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. पाणी कमी पडलं का?

उत्तर १:
कमी नाही, जास्त झालं. काळी माती फुगली की मुळांना हवा मिळत नाही आणि बुडाला बुरशी लागते. मेलेली झाडं मुळासकट उपटा, त्याच खड्ड्यात लगेच सदाफुली नको. वीतभर उंच वाफा करा: दोन घमेली माती, दोन लाल मुरूम, एक कुजलेलं शेणखत. पांढरा चुनखडीचा मुरूम नको. झाडांत फूटभर अंतर ठेवा.

उत्तर २:
पिवळेपणा लोहाचा. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, झाडाला उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह), संध्याकाळी फवारा, 10-12 दिवसांनी पुन्हा. युरिया मुळीच नको. नुसता पाला माजतो.

उत्तर ३:
दुपारी पानं वळली म्हणून लगेच पाइप धरू नका. सकाळीही वळलेलीच दिसली तरच बुडाशी पाणी द्या. जूनमध्ये निम्म्यावर छाटा. शेंगा पिवळसर होताच तोडा, तडकल्या की बी सांडतं. पेरल्यावर अर्धा सेंटिमीटर माती हवीच, हे बी अंधारात चांगलं उगवतं. आणि छाटलेला पाला शेळीपुढे टाकू नका, विषारी असतो.