भाडेवाढीचा वाद: तज्ज्ञ नेमावा की लवाद?

तराजू
व्यावसायिक जागेच्या लांब मुदतीच्या करारात ठरावीक वर्षांनी बाजारभावाप्रमाणे भाडं नव्यानं ठरवायचं कलम असतं. जमलं नाही तर काय, यावर बरेचदा एकच ओळ: 'स्वतंत्र तज्ज्ञ नेमावा, त्याचा निर्णय अंतिम राहील.' माझ्या मते हीच सोय बरी. लवाद म्हटला की कैफियती, साक्षी, वकील. जागा लहान असेल तर भाड्यातल्या फरकापेक्षा फीच जड होते.

शिवाय लवाद बहुतेक समोर आलेल्या पुराव्यावरच निवाडा देतो. समजा, शेजारचा गाळा १०० भाड्यानं गेला असं मालकानं दाखवलं. करार ५ वर्षांचा, पण पहिलं वर्ष भाडं माफ. म्हणजे ५ वर्षांत हातात ४००, खरा दर ८०. भाडेकरूला ही माफी शोधून काढता आली नाही, तर १००च ग्राह्य धरले जाण्याची भीती. तज्ज्ञ म्हणजे मुरलेला मूल्यांकनकार, तो पहिलं हेच विचारेल.

कडीकोयंडा
साफ असहमत. तज्ज्ञाचा निर्णय किती अंतिम असतो, याची कल्पना आहे ना? इंग्लंडमधला १९९१चा निक्को हॉटेल्स विरुद्ध एमईपीसी हा खटला बघा. हॉटेलचं भाडं खोल्यांच्या सरासरी दराशी बांधलेलं, आणि सरासरी दर कशाला म्हणायचं यावरच भांडण. कोर्टाचं म्हणणं असं: तज्ज्ञानं योग्य प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं तरी ते बंधनकारक, भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं तरच निर्णय रद्द. वर, करारात लिहिलेलं नसेल तर त्यानं कारणं द्यायलाच हवीत असंही नाही. आकडा येतो, तो मुकाट्यानं भरायचा.

तराजू
पण हलगर्जीपणा केला तर तज्ज्ञावर भरपाईचा दावा लावता येतो. लवादाला तिथे १९९६च्या कायद्याचं संरक्षण आहे, बदहेतू सिद्ध केल्याशिवाय त्याच्यावर दावा चालत नाही. मग जबाबदार जास्त कोण?

कडीकोयंडा
दावा लावा की! दोन जाणकारांच्या आकड्यांत थोडाफार फरक असायचाच, एवढी मुभा कोर्टही देतं. आणि जिंकलात तरी भरपाई तज्ज्ञाकडून; मालकाला द्यायचं भाडं तेवढंच राहतं.

उंबरठा
तुम्ही दोघं अधिकारांवर भांडताय, नेमणूक कोण करतं ते बोला. नावावर एकमत झालं नाही तर करारात लिहिलेल्या व्यावसायिक संस्थेकडे अर्ज जातो. ब्रिटनमध्ये बहुधा आरआयसीएस या मूल्यांकनकारांच्या संस्थेकडे. हितसंबंध जाहीर करावे लागतात, मान्य. पण छोट्या बाजारात त्या प्रकारच्या जागेचे जाणकार मूठभर, आणि त्यांची बरीचशी कामं मोठ्या मालकांकडूनच येणार. भाडेकरू एकदा-दोनदा भेटतो, मालक कायमचा. लाचबिच म्हणत नाहीये मी. नुसती सवय पुरते.

जुनी फाईल
@उंबरठा, हेच लवादालाही लागू आहे, तोही बहुतेक मूल्यांकनकारच असतो.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. भाडेकरूनं स्वखर्चानं माळा घातला. फेरआढाव्यात ते क्षेत्रफळ धरायचं की वगळायचं? पुष्कळ करार म्हणतात, भाडेकरूनं परवानगीनं केलेली सुधारणा वगळा. मग परवानगी होती का, तोंडी चालते का, माळा सुधारणेत येतो का, हे सगळे कायद्याचे प्रश्न. बाजारभावात पारंगत असलेल्या माणसानं ते का सोडवावेत? आकडा तज्ज्ञाकडे, कलमाचा अर्थ कोर्टाकडे, अशी विभागणी करारातच हवी.

तराजू
म्हणजे दोन दारं, दोन फिया, आणि तोवर भाडं लटकलेलं. कलमाच्या अर्थाचा वाद मुद्दाम उकरून काढणारे कमी नाहीत. त्यात थकबाकीवर व्याज चढतं ते वेगळंच.

जुनी फाईल
तोवर जुनं भाडं भरत राहायचं, फरक नंतर. आणि माळ्याचा वादच नको असेल तर लेखी परवानगी आणि आधीचा नकाशा कराराला जोडून ठेवा. तेवढं असेल तर मीही तज्ज्ञालाच मत देईन, फक्त कारणं लेखी द्यायची अट घालून.