शब्दचर्चा : नॅनो युरियाला ‘सूक्ष्म युरिया’ म्हणावे का?

चौकस : नॅनो युरियाच्या (पानांवर फवारायच्या द्रवरूप खताच्या) वापरावर मराठी पत्रक करायचे आहे. ‘सूक्ष्म’, ‘अतिसूक्ष्म’ की ‘अब्जांश’? आणि ‘एक बाटली म्हणजे एक पोते’ हे वाक्य ठेवावे का?

कोशकीटक : ‘सूक्ष्म’ नकोच. शेतीत तो शब्द आधीच दोन ठिकाणी जुंपलेला आहे : सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि सूक्ष्म सिंचन. ‘सूक्ष्म खत’ म्हटले की जस्त, बोरॉनच डोळ्यांपुढे येते. ग्रीक ‘नानोस’ म्हणजे बुटका. मोजमापात एक अब्जांश. म्हणून ‘अब्जांश’ अर्थाला चोख, पण दुकानात ‘अब्जांश युरिया द्या’ कोण म्हणेल? पत्रकात नॅनोच लिहा.

मातीपाणी : पोत्याचे वाक्य काढा. साध्या युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात 46 टक्क्यांनी 20.7 किलो नत्र (नायट्रोजन). 2021 साली इफ्को या खत सहकारी संस्थेने आणलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 4 टक्क्यांनी 20 ग्रॅम. नंतरच्या ‘नॅनो युरिया प्लस’मध्ये 20 टक्के, म्हणजे तरी 100 ग्रॅमच. ‘नॅनो’ कणाचा आकार सांगते, खताचा जोर नव्हे. साध्या युरियाच्या 2 टक्के फवारणीत 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम युरिया, म्हणजे 138 ग्रॅम नत्र पडते; जुन्या नॅनोचे 60 मिली घातले तर 2.4 ग्रॅम. इफ्कोचा दावा कण पानात चांगला शिरतो असा आहे. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत मात्र नेहमीच्या शिफारशीच्या तुलनेत भाताचे उत्पादन 13 टक्के आणि गव्हाचे 21.6 टक्के घटले. तेव्हा ‘बरोबर’, ‘इतकेच’ असले शब्द जपून.

चौकस : मग ‘युरियाऐवजी’ असे लिहिले तर?

मातीपाणी : ‘ऐवजी’नेच घोळ होतो. शिफारस फक्त वरखतापुरती, म्हणजे उभ्या पिकाला नंतर द्यायच्या हप्त्यापुरती आहे. पेरणीच्या वेळचा नत्राचा हप्ता, मग तो डीएपीतून (डायअमोनियम फॉस्फेट) असो वा मिश्रखतातून, जमिनीतच द्यायचा. ‘युरियाऐवजी’ वाचून तोही वगळला की पीक सुरुवातीलाच पिवळे पडते आणि दोष बाटलीला जातो.

कोशकीटक : वरखत हा नेमका शब्द. (‘टॉप ड्रेसिंग’ला मराठीत काय म्हणतात, हे विचारायची गरजच नाही.) क्रियापदही पाहा : वरखत ‘टाकतात’, नॅनो ‘फवारतात’. ‘टाका’ छापले तर कोणीतरी बाटली पाटाच्या पाण्यात ओतेल.

मातीपाणी : ओततात! ‘फवारा’च्या पुढे हेही लिहा : बाटली हलवून घ्या; लिटरला 2 ते 4 मिली; पहिली फवारणी उगवणीनंतर 30–35 दिवसांनी, दुसरी त्यानंतर 20–25 दिवसांनी, फुलोऱ्याआधी. पहिली फवारणी याहून लवकर केली तर पाने लहान असतात, बरेच द्रावण मातीवर पडते. दव सुकल्यावर सकाळी किंवा संध्याकाळी, चपट्या फवाऱ्याच्या नोझलने. 12 तासांत पाऊस आला तर पुन्हा फवारावे लागते.

चौकस : ‘विद्राव्य खत’ या गटात टाकू का?

कोशकीटक : नको. ती 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) सारख्या, पाण्यात विरघळवायच्या खतांची ओळख आहे. ती ठिबकमधूनही सोडतात. नॅनो युरिया ‘द्रवरूप’ म्हणा.

मातीपाणी : नॅनो डीएपीचे पान वेगळे ठेवा. तिथे बीजप्रक्रियाही येते : किलो बियाण्याला 3 ते 5 मिली, 20–30 मिनिटे थांबून सावलीत सुकवायचे, मग पेरायचे. दोन्ही एकाच परिच्छेदात आले की कोणीतरी नॅनो युरियाच बियाण्याला चोळतो.