नॉन-लीगचे मॅनेजर : तुम्ही पाहिलेले, ऐकलेले

वरच्या चार डिव्हिजनमधले ९२ क्लब (म्हणजे ‘लीग’) सोडले की इंग्लंडमध्ये सुरू होतं ते नॉन-लीग. उमेदीची वर्षं खालच्या डिव्हिजनांत काढायची आणि पस्तिशीला गुडघे कुरकुरायला लागले की एखाद्या नॉन-लीग क्लबचा मॅनेजर व्हायचं, ही तिथली मळलेली वाट आहे. या माणसांना जवळून पाहिलं असेल, त्यांचे किस्से ऐकले असतील, तर इथे लिहा. फर्ग्युसन-मुरिन्यो नकोत, त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय.

स्कारबरो, यॉर्कशायर
नोकरीमुळे या गावात आलो. इथल्या जुन्या मंडळींपुढे फुटबॉलचं नाव काढलं की गाडी इथल्या क्लबच्या जुन्या मॅनेजरवर, नील वॉर्नॉकवरच येते. हा माणूस मूळचा शेफील्डचा. चेस्टरफील्ड, रॉदरहॅम, हार्टलपूल, स्कंथॉर्प, ऑल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क, क्रू... विंगर म्हणून सगळी कारकीर्द अशीच बिऱ्हाडं बदलत गेली. त्या काळी त्या पातळीवर पैसा तो किती! म्हणून गडी पायांच्या दुखण्यांवर इलाज करायचं रीतसर शिकला. गेन्सबरो ट्रिनिटी, मग बर्टन अल्बियन असे नॉन-लीग क्लब सांभाळताना हा जोडधंदा हाताशी होता.

१९८६ मध्ये तो स्कारबरोला आला. तोवर नॉन-लीगचं विजेतेपद मिळवलं तरी वर जायची खात्री नसे. लीगमधले क्लब मतदान करायचे आणि बहुतेकदा आपल्याच जुन्या सोबत्यांना सांभाळून घ्यायचे. थेट बढतीचा नियम १९८६-८७ च्या हंगामापासून लागू झाला आणि पहिल्याच वर्षी कॉन्फरन्स (नॉन-लीगमधली सगळ्यात वरची स्पर्धा) जिंकून स्कारबरो वर गेलं, लिंकन सिटी खाली आलं. ऑगस्ट १९८७ मध्ये लीगमधला पहिला सामना घरच्या मैदानावर, समोर वुल्व्हज. २-२. त्या दिवशी प्रेक्षकांत जी हाणामारी झाली तीही लोक तितक्याच चवीने सांगतात.

वॉर्नॉक पुढे शेफील्ड युनायटेड, क्वीन्स पार्क रेंजर्स आणि कार्डिफला प्रीमियर लीगमध्ये घेऊन गेला. एकूण आठ बढत्या, १६०० हून जास्त सामने. इकडे क्लबची मात्र दैना. १९९९ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी कार्लाईलच्या गोलकीपरने, जिमी ग्लासने, भरपाई वेळेत गोल मारून आपला क्लब वाचवला आणि त्यांच्याऐवजी स्कारबरो लीगबाहेर फेकलं गेलं. २००७ मध्ये क्लबच बुडाला. सीमर रोडवरच्या त्या मैदानाच्या जागी आता सुपरमार्केट आहे. चाहत्यांनी काढलेला नवा क्लब दहा वर्षं ब्रिडलिंग्टनला पाहुण्यासारखा खेळला आणि २०१७ मध्ये गावात परतला.

ब्लॅकबर्न
वॉर्नॉक निदान लीगमध्ये खेळून आला होता. आमच्या शेजारच्या ॲक्रिंग्टनचा जॉन कोलमन नॉन-लीगमध्येच गोलांच्या राशी रचत राहिला, पेशाने शिक्षक. १९९९ मध्ये जिमी बेलला जोडीला घेऊन आला आणि २००६ पर्यंत तीन बढत्या मिळवून क्लबला लीगमध्ये नेलं. १९६२ मध्ये कर्जापायी लीग सोडावी लागली तेव्हा ॲक्रिंग्टनची जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती. २००६ मध्ये हे वर गेले आणि खाली कोण आलं? ऑक्सफर्ड! असा हिशेब कुणी रचूनही जमला नसता.

दक्षिण लंडन
आम्ही जातो तो क्लब सातव्या पातळीवरचा. नॅशनल लीगच्या, म्हणजे पाचव्या पातळीच्या खाली बिअरचा ग्लास हातात घेऊन कठड्याला टेकून सामना बघता येतो, मध्यंतराला आपला संघ ज्या गोलकडे चढाई करणार तिकडे सगळे चालत जातात. मी मात्र डगआऊटच्या (मॅनेजर आणि राखीव खेळाडू बसतात त्या जागेच्या) मागून हलत नाही. एका मंगळवारी रात्री खेळाडूंची यादी द्यायची वेळ झाली तरी सेंटर-बॅक एम-२५ वर ट्रॅफिकमध्ये. मॅनेजर फोन खांद्यात दाबून, क्लबहाऊसच्या भिंतीवर कागद धरून नाव खोडतोय, वर पेन चालेना. शेवटी चहाच्या टपरीवरच्या बाईंनी पेन दिलं. त्या दिवशी मॅनेजरने लाइन्समनला ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून माझ्या लेकीने घरी येऊन काही अर्थ विचारले. सांगितले नाहीत.

यांचा सराव मंगळवार-गुरुवार संध्याकाळी. दिवसा खेळाडू आपापल्या कामावर. त्यामुळे डावपेचांपेक्षा आज कोण येणार याचीच चिंता मॅनेजरला जास्त.

लिव्हरपूल
जानेवारी २०२१, लॉकडाऊन. आठव्या पातळीवरच्या मरीन क्लबची एफए कपात थेट प्रीमियर लीगच्या टॉटनमशी गाठ पडली. मैदान क्रॉस्बीत, घरांच्या परसांना चिकटून. प्रेक्षकांना बंदी, म्हणून क्लबने दहा पौंडांची आभासी तिकिटं काढली. ३० हजारांवर खपली. सोडतीचं बक्षीस काय, तर एका सराव सामन्यासाठी मॅनेजर व्हायचं! वॉर्डमध्ये आम्ही नर्सेसनी मिळून घेतलं होतं. लागलं नाही. सामना ०-५.

लेस्टर (मूळ कोल्हापूर)
डगआऊटमागचा तो किस्सा वाचून शाहू स्टेडियमच आठवलं. फक्त आमच्याकडे शिव्या मॅनेजर नाही, गॅलरी देते.

रेडिंग
दक्षिण लंडनवाल्या ताई, तिकीट आधी काढावं लागतं का? मुलाला न्यायचंय.

दक्षिण लंडन
नाही हो, गेटवर मिळतं. फक्त तीनच्या सामन्याला अडीचपर्यंत या, चिप्सची रांग मोठी असते.