फ्लूच्या नुसत्या संशयावर ऑसेल्टामिविर हे विषाणूरोधी औषध सुरू करावे का?

देवदार:
ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हापासून माझे मत ठाम आहे. साथ चालू असताना ताप, खोकला आणि अंगदुखी एकत्र दिसली, तर घशाच्या स्रावाचा अहवाल हाती येईपर्यंत थांबू नये, औषध लगेच सुरू करावे. याचे कारण विषाणूच्या घडणीत आहे. त्याच्या आत आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, आठ तुकडे असतात, तर बाहेरच्या स्निग्ध आवरणावर दोन महत्त्वाची प्रथिने असतात. त्यांपैकी हिमॅग्लुटिनिन हे श्वासनलिकेतील पेशींवरच्या सायलिक आम्ल या शर्करेला चिकटते, मग पेशीच विषाणूला आत ओढून घेते आणि तिच्या केंद्रकात त्या आरएनएच्या प्रती निघू लागतात. नवे विषाणू बाहेर पडताना त्याच सायलिक आम्लात अडकून राहतात. तो बंध तोडून त्यांना मोकळे करणारे दुसरे प्रथिन म्हणजे न्यूरामिनिडेज, आणि ऑसेल्टामिविर नेमके त्यालाच निकामी करते. पेशीत शिरलेला विषाणू त्याने मरत नाही, फक्त पुढचा फैलाव थांबतो. म्हणूनच लक्षणे दिसल्यानंतरचे पहिले ४८ तास वाया घालवणे मला मान्य नाही.

सह्यकडा:
आपण सांगितलेली क्रिया बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. कॉक्रेन ही संस्था औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासते; तिच्या २०१४ च्या आढाव्यानुसार प्रौढांची लक्षणे या औषधाने सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत ओसरली, म्हणजे लाभ पाऊण दिवसाहूनही कमी झाला. उलट मळमळ आणि उलट्या वाढल्या. शिवाय न्यूरामिनिडेजमधील एकच अमिनो आम्ल (प्रथिनाचा लहानसा घटक) बदलले, की औषध तिथे नीट बसत नाही. २००८-०९ च्या हंगामात एच१एन१ या फ्लूच्या जुन्या मोसमी विषाणूवर ते जवळजवळ निरुपयोगी ठरले होते. सरसकट वापर करून आपण हे शस्त्रही गमावून बसू, अशी मला खरोखर भीती वाटते.

देवदार:
प्रतिरोधाचा, म्हणजे विषाणू औषधाला दाद न देण्याचा, हा दाखला आपल्या बाजूने उभा राहत नाही. २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेतील एच१एन१ च्या सुमारे दोन तृतीयांश नमुन्यांत तो बदल आढळला, आणि तिथे हे औषध फारसे वापरलेच जात नव्हते. अतिवापराशिवायही प्रतिरोध पसरला. पुढे २००९ चा स्वाइन फ्लूचा नवा विषाणू आला, त्यावर औषध पुन्हा लागू पडले.

सह्यकडा:
नॉर्वेचा मुद्दा मान्य आहे आणि तेवढ्यापुरते माझे विधान मी मागे घेतो. गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही, दमेकरी आणि रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण यांना अहवालाआधी औषध द्यावे, याबद्दलही माझा वाद नाही. धडधाकट तरुणाला मात्र विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल पुरेसे आहे.

देवदार:
धडधाकट कोणाला म्हणायचे, इथेच आपले मतभेद उरतात. आपल्याकडे कित्येकांना मधुमेह असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. दवाखान्यात तापाने फणफणलेला चाळिशीचा माणूस समोर बसलेला असताना त्याची साखर आधी तपासावी, की गोळी आधी द्यावी, हे आपण सांगावे.