‘मुळात काही हवंच नसतं’ म्हणे!

पडवीतली वही
परवा इथेच एकांनी २०२६ साठी ‘बारा महिने, बारा ध्येयं’ असं लांबलचक लिहिलं. ध्येय लिहून काढा, आकडा आणि तारीख टाका, चार लोकांना सांगून ठेवा, पहाटे पाचला उठा, २१ दिवसांत सवय लागते. इथवर ठीक. नाताळ झाला की हे येतंच, पंचांग विकणाऱ्यासारखं. पण शेवटी महाशय लिहितात, ‘ज्यांचे संकल्प जानेवारीतच मोडतात त्यांना मुळात काही हवंच नसतं.’ हे मात्र डोक्यात गेलं.

माझ्याकडे २०११ पासूनच्या डायऱ्या आहेत, बँकेत फुकट मिळायच्या त्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर तेच तीन संकल्प: रोज ४५ मिनिटं चालणे, वजन ८ किलो कमी, मोडी लिपी शिकणे. वजनाचा आकडा तेवढा बदलत गेला, ८ चे १० आणि १० चे १३. बारा तारखेनंतर पानं कोरी, आणि मार्चपासून त्यावर दुधाचा हिशेब. मला मोडी नको होती का? माहेरच्या ट्रंकेत आजोबांचे कागद आहेत, लाल फडक्यात बांधलेले. वाचता कुणालाच येत नाहीत, म्हणून दर उन्हाळ्यात त्यांना ऊन दाखवतात आणि परत बांधून ठेवतात. हवी होतीच की हो!

जमलं कसं ते सांगते. २०२३ च्या आषाढीला सासूबाईंनी नेहमीसारखा चातुर्मासाचा नेम धरला: कांदा, लसूण, वांगं बंद. मी चेष्टेत म्हटलं, वांगं काही मी सोडत नाही, पण मोडीची रोज एक ओळ लिहीन. एकच. त्या म्हणाल्या, ‘मग उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही.’ त्या वर्षी नेमका अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा पडला. मनातल्या मनात पंचांगाला शिव्या घातल्या. पण रात्री ओटा पुसून झाला की वही काढायची. आधी पानभर आडवी रेघ, मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. कार्तिकीपर्यंत दीडशेच्या आसपास ओळी झाल्या. द्वादशीला सासूबाईंनी भरली वांगी केली आणि पहिलं पान मला वाढलं. पुढे गोडी लागली आणि फडक्यातला पहिला कागद मी वाचला. बैल विकत घेतल्याची पावती निघाली. हसू नका.

सांगायचं इतकंच, की नेमाला शेवट असतो, उद्यापन असतं. जानेवारीचा संकल्प थेट ‘आता जन्मभर’. मग धाप लागणारच ना?

सव्वापाचचा गजर
ते ‘महाशय’ मीच. नमस्कार.
मॅडम, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. रोज एक ओळ हा आकडा झाला, कार्तिकी ही तारीख झाली, सासूबाईंना सांगितलंत म्हणजे चार लोकांना सांगणं झालं. फक्त वर हळद-कुंकू वाहिलंत.
माझं सांगतो. २०१९ मध्ये डॉक्टर म्हणाले, शुगर काठावर आहे. मी ‘तब्येत सांभाळीन’ असलं गुळमुळीत काही लिहिलं नाही. लिहिलं, मुंबई मॅरेथॉन, हाफ, २१ किलोमीटर. जानेवारीचा तिसरा रविवार, तारीख हलत नाही. पेडर रोडच्या चढावर पोटऱ्या दगड झाल्या तेव्हा तो आकडाच ओढून नेत होता. २ तास ४१ मिनिटं. मेडल दिवाणखान्यात आहे, या बघायला.

खवट खोबरं
गजरराव, मेडल छानच. पण २१ दिवसांत सवय लागते हे तुम्ही कुठल्या झाडाखाली ऐकलंत? ते एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनचं निरीक्षण. मॅक्सवेल मॉल्ट्झ, १९६०. ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं. त्यातलं ‘निदान’ गळलं, चेहरा गळला आणि उरलं ते व्याख्यानांत घुसलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर खरोखर पाहणी केली. सरासरी ६६ दिवस आली, आणि माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवस! जेवताना पाणी पिणं लवकर अंगवळणी पडतं, व्यायाम नाही.
आणि तुमचं ते आकडा-तारीखवालं ‘स्मार्ट’ सूत्र जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मॅनेजर लोकांसाठी लिहिलं होतं. घर चालवणाऱ्यांसाठी नाही.
काकू, तुम्हीही फार खूश होऊ नका. त्याच पाहणीत एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडत नाही असं दिसलं. तुमचा वसा एक दिवस मोडला की कहाणीतल्या राणीचं राज्य जातं. ही भीती कशाला?

सव्वापाचचा गजर
२१ चं मान्य. घ्या, वाटा पेढे. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

दोन डबे रोज
पहाटे पाचला उठा म्हणे. मी पावणेपाचला उठते, चौदा वर्षं झाली. दोन डबे, सासऱ्यांची पेज, सहा दहाला पाणी जायच्या आत टाकी. कुणी मेडल दिलं नाही. गजर साहेब, तुम्ही पळायला जायचात तेव्हा घरातला गॅस कोण पेटवत होतं, हे एकदा त्या दिवाणखान्यात लिहून लावा.
यंदाचा माझा संकल्प: रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही. ज्याला दूध गरम हवं त्याने करावं. बघू कोण कोण म्हणतं की मला मुळात काही हवंच नाही.

सव्वापाचचा गजर
ताई, माझ्या बायकोचा विषय इथे काढायचं कारण नव्हतं. ती नोकरी करते, चहा मीच करतो. न बघता बोलू नये.

दोन डबे रोज
चहा. बरं.

हडसनकाठचा
आमच्याकडे न्यू जर्सीत जानेवारीत जिममध्ये पार्किंग मिळत नाही, फेब्रुवारीत हवी तिथे लावा. पण १ जानेवारी आपली नाहीच. संकल्प गुढीपाडव्याला करावेत. २०२६ ला तो १९ मार्चला.

पडवीतली वही
१९ मार्चला बँकवाल्यांनी संकल्प करायचा? मार्च एंडला? या एकदा आमच्या ब्रँचला.

तासगावचा बेदाणा
सगळे कसं धरावं यावरच बोलताय. सोडायचं कधी, हे कुणी सांगत नाही. ‘घेतला वसा टाकू नये’ या वाक्याने माझी सहा वर्षं खाल्ली, एमपीएससीच्या तयारीत. पुणे, सदाशिव पेठ, कॉट बेसिस. अभ्यासिकेत खुर्चीला चिकटवलेलं नाव, भिंतीवर ‘उपजिल्हाधिकारी’ लिहिलेला कागद. आकडा होता, तारीख होती, चारच काय, अख्ख्या गावाला सांगितलं होतं. तीन प्रिलिम निघाल्या, एक मेन्स चार मार्कांनी गेली. मग पॅटर्न बदलणार म्हणाले, पर्याय निवडण्याऐवजी लेखी उत्तरं. २०२३ ला लेखी पॅटर्न पुढे ढकला म्हणून रस्त्यावर बसलेल्यांत मीही होतो. आयोगाने तो २०२५ वर नेला, पोरं नाचली. मी रूमवर आलो आणि हिशेब केला, २०२५ ला मी ३१ चा असणार. दर १ जानेवारीला वडील फोन करायचे, ‘यंदा नक्की ना?’ इकडे बागेची छाटणी मजूर लावून चाललेली.
संकल्प मोडला तो दिवस माझ्या आयुष्यातला बरा दिवस होता. आज चार एकर द्राक्षबाग बघतोय.

पाचवा अटेम्प्ट
भावा, वाईट वाटलं, पण हे असं लिहू नकोस, पोरं वाचतात. मी चौथ्यांदा पडलो तेव्हा घरचे म्हणाले, ये परत. आलो असतो तर आज गावात मोबाईलचं दुकान असतं. पाचव्यांदा पोस्ट निघाली. जिद्द लागते. शेवटच्या वळणावर सोडणारेच जास्त असतात.

तासगावचा बेदाणा
शेवटचं वळण आहे हे निकाल लागल्यावर कळतं साहेब. तुमच्या अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्यांपैकी किती जणांची निघाली? त्यांच्यात जिद्द नव्हती?

पाचवा अटेम्प्ट
बऱ्याच जणांचा अभ्यास नव्हता. चहाच्या टपरीवर दिवस काढायचे. स्पष्ट बोलतो. अपयश आलं की पॅटर्न वाईट, आयोग वाईट, जिद्द हा शब्द वाईट.

तासगावचा बेदाणा
माझा रूम पार्टनर रात्री दोनपर्यंत बसायचा. टपरीवर जायला त्याच्याकडे दहा रुपये नसायचे, मेसचा एक डबा आम्ही दोघं खायचो. सातव्या वर्षी परत गेला तो रात्रीच्या एस्टीने, दिवसा गावात उतरायला लाज वाटत होती म्हणून. त्याच्याबद्दल टपरी-बिपरी बोलू नका. साहेब झालात म्हणून ऐकून घेणार नाही.

खवट खोबरं
अटेम्प्टराव, जे पार झाले तेच सांगायला उरतात. बुडालेल्याचं व्याख्यान कोण ठेवतं?

पाचवा अटेम्प्ट
तुम्ही दिलीय का कधी स्पर्धा परीक्षा? मग गप्प बसा.

दोन डबे रोज
माझा धाकटा भाऊ तिथेच आहे, पाचवं वर्ष. दर महिन्याला साडेआठ हजार मी पाठवते, घरी न सांगता. त्याला थांब म्हणायचं की लढ म्हणायचं, हे दोघांपैकी कुणीतरी न भांडता सांगा.

पाचवा अटेम्प्ट
...वय किती? मेन्सला बसलाय का?

दोन डबे रोज
२८. प्रिलिम दोनदा निघाली. मेन्स नाही.

पाचवा अटेम्प्ट
ताई, मी दरवेळी आधी ठरवायचो, ही शेवटची. मग पुढची भरायचो. नशीब म्हणून पाचवी लागली, हे चारचौघांत बोलत नाही. त्याला विचारा, अजून किती, ते स्वतःच्या तोंडाने सांग. तुम्ही आकडा देऊ नका. बेदाणा, तुझ्या रूम पार्टनरबद्दल बोललो ते चुकलं. बाकीचं मत तेच आहे.

तासगावचा बेदाणा
ठीक. ताई, अभ्यास सोबत ठेवून दुसरं काही करतो का तेही विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.

सव्वापाचचा गजर
म्हणजे फिरून तारखेवरच आलात ना सगळे? मी काय वेगळं सांगत होतो?

पडवीतली वही
तुम्ही पोचायची तारीख सांगत होतात, ही मंडळी थांबायची सांगतायत. ती पहिल्या पानावर लिहिता का तुम्ही?

सव्वापाचचा गजर
नाही. फुल मॅरेथॉनचं चार वर्षं लिहितोय. गुडघा गेलाय. बायको तेच म्हणते.

दोन डबे रोज
चहा पिताना म्हणते का?

सव्वापाचचा गजर
हो. मीच केलेला.

हडसनकाठचा
काकू, मोडीसाठी बोरू कुठे मिळतो? आणि इथून ऑनलाइन शिकता येईल का? १ जानेवारीपासून म्हणतोय.

पडवीतली वही
बोरू नको, साधं पेन चालतं. आधी रेघ ओढायला शिका. आणि पाडव्याचं काय झालं?