मदत हवी आहे: सासूबाईंची बायपास. आयुष्मान कार्ड वापरावं की मेडिकल बिल टाकावं?

मंडळी, मी कोकण भवनात राज्य शासनाच्या नोकरीत, राहायला ऐरोली. सासूबाई ७४ वर्षांच्या. अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले, डॉक्टर म्हणतात बायपास महिन्याभरात उरकून घ्या.

माझ्या सेवेत सासू-सासरे अवलंबित म्हणून लावलेत. (लग्न झालेल्या बाईला आईवडील किंवा सासू-सासरे, एकच जोडी निवडायची. त्यावर वेगळा धागा काढेन कधीतरी.) म्हणजे वैद्यकीय प्रतिपूर्ती (केलेला खर्च शासनाकडून परत) मिळू शकते, बायपास शासनाच्या पाच गंभीर आजारांच्या यादीत आहेच. पण आधी खिशातून भरायचे. सासऱ्यांच्या वेळी औषधाच्या एका पावतीवर डॉक्टरांची सही नाही म्हणून फाईल त्रुटी लागून परत आली. सही आणली, मंजुरी मिळाली, तर बिल द्यायला ऑफिसकडे अनुदानच शिल्लक नाही! तोवर पतपेढीचा हप्ता चालूच.

दुसरीकडे ७० वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतंय. नणंदेने मोबाईलवर आधार टाकून सासू-सासरे दोघांची काढलीसुद्धा. दोघांत मिळून वर्षाला ५ लाख, कॅशलेस.

ऑफिसात विचारलं तर जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. हेडक्लार्क म्हणतात, "मॅडम, कार्डाच्या नादी लागू नका. उद्या सरकार म्हणेल विमा आहे ना, मग बिलं कसली टाकता?" २००५ नंतर लागलेली मुलं म्हणतात, पेन्शन गेली तशी प्रतिपूर्तीही जाईल, त्यापेक्षा पगारातून हप्ता कापा पण कॅशलेस द्या. आमच्या शिपाईमामांचं म्हणणं मला सगळ्यात पटलं: "बिल पास होईल हो, पण भरायला तीन लाख आणू कुठून?" प्रतिपूर्ती हक्काची आहे हे मलाही मान्य, पण रोकड नसलेल्याने तो हक्क वापरायचा कसा?

तर विचारायचं हे की कार्ड वापरलं तर पुढे माझ्या प्रतिपूर्तीवर गदा येते का? आणि पॅकेजबाहेरचा (योजनेने ऑपरेशनसाठी ठरवलेल्या रकमेत न बसणारा) खर्च निघाला तर त्याचं बिल टाकता येतं का? जाणकारांनी सांगा प्लीज.

निवृत्त_लेखापाल: ताई, दोन्हीपैकी एकच निवडा ही अट केंद्राने सीजीएचएस (केंद्रीय कर्मचारी), ईसीएचएस (माजी सैनिक) आणि आयुष्मान सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस) अशी नावं घेऊन घातलीय. खाजगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी (कामगार विमा) असेल तर कार्डही चालतं. मात्र एकाच ऑपरेशनचं बिल दोन ठिकाणी लावायचं नाही. कॅशलेसमध्ये रुग्णालय परस्पर योजनेकडे दावा करतं, मूळ बिल तुमच्या हाती येतच नाही, मग प्रस्तावाला जोडणार काय? ॲडमिट होण्याआधीचे ३ आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस पॅकेजमध्ये धरलेत. त्यापुढची ओपीडीची औषधं तुमच्या तुम्ही. प्रतिपूर्तीनेच जायचं ठरलं तर आधी भरमसाठ कर्ज काढू नका, गंभीर आजाराला शासनाकडे अग्रिम (आगाऊ रक्कम) मागता येतो. रुग्णालयाचं अंदाजपत्रक जोडून कार्यालयप्रमुखांकडे अर्ज द्या.

घणसोलीकर: बोर्डावर 'आयुष्मान' दिसलं म्हणून लगेच ॲडमिट करू नका. रुग्णालयाचा करार विभागवार असतो. डोळ्यांसाठी यादीत असलेलं हृदयासाठी असेलच असं नाही. आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) गाठून बायपासबद्दल स्पष्ट विचारा, किंवा योजनेच्या हेल्पलाइनला १४५५५ वर फोन करा. पॅकेजमधल्या उपचारांचे वर पैसे मागितले तर तक्रारही तिथेच करायची.

धागाकर्ती: दोघांचे आभार. अग्रिमाचं ऑफिसात एकानेही सांगितलं नव्हतं! अंदाजपत्रक उद्याच मागते, आणि कार्डाचंही विचारून ठेवते. ठाणे-नवी मुंबईत कुणी घरच्या ज्येष्ठांची बायपास कार्डावर करून घेतली असेल तर रुग्णालयाचं नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वरून किती भरावे लागले तेही लिहा.